दख्खनचा बेसॉल्टही ज्वालामुखीचाच, मग राखेच्या मातीच्या नकाशात आपण का नाही?

बांधावरून यांचा प्रश्न

मंडळी नमस्कार. पश्चिम जावात पांगालेंगानच्या बाजूला, साधारण १,४०० मीटर उंचीवर, बटाट्यासाठी जमीन भाडेपट्ट्याने घ्यायचं घाटतंय. चहा उपटून केलेलं रान आहे. वरच्या १५ सेंमीचा तिथल्या प्रयोगशाळेचा अहवाल असा:

सामू (पाण्यात) ४.७. सेंद्रिय कर्ब ९.४ टक्के. स्थूल घनता ०.६२ ग्रॅम प्रति घन सेंमी. ब्रे-१ स्फुरद ७ पीपीएम. स्फुरद धारणा ९६ टक्के. सामू ७ ला मोजलेली विनिमय क्षमता (कॅल्शियम-पोटॅशियमसारखी अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद) ३८; कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम मिळून २.१, पोटॅशियम क्लोराइडने निघालेलं अल्युमिनियम २.८ (तिन्ही आकडे सेंटिमोल प्रति किलो). ऑक्झलेट सिलिकॉन ०.४ टक्के. पायरोफॉस्फेट अल्युमिनियम भागिले ऑक्झलेट अल्युमिनियम ०.७. शेरा: ‘अँडोसोल, अल्युअँडिक’ (अँडोसोल म्हणजे मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेतून बनलेली माती). पोत ‘वाळूमिश्रित’ लिहिलाय, पण ओली माती बोटांत लोण्यासारखी लागते.

शंका तीन आहेत. एक, दख्खनचं पठार सगळं लाव्ह्याचं, तरी अँडोसोलच्या जागतिक नकाशात महाराष्ट्र कोरा का? दोन, नकाशात चिलीपासून आइसलँडपर्यंत सगळं एकाच रंगात दाखवतात. त्यातले पोटप्रकार कुठे कुठे आहेत आणि ते कशावरून ठरतात? तीन, वरच्या अहवालावरून खत-चुन्याचा हिशोब आपल्याकडच्यासारखाच करायचा का?

---

गाळपेर

दुसरी शंका आधी घेतो, बाकीच्या तिच्यातून सुटतील.

अँडोसोलचं जगातलं क्षेत्र साधारण ११ कोटी हेक्टर, म्हणजे एकूण जमिनीच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून जास्त उष्ण कटिबंधात. पॅसिफिकच्या काठाने चिली, इक्वाडोर, कोलंबिया, मध्य अमेरिका, मेक्सिको, अमेरिकेचा वायव्य कोपरा, अलास्का, कामचात्का, जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, न्यूझीलंड. त्याशिवाय पूर्व आफ्रिकेची खचदरी, कॅमेरून, हवाई, आइसलँड, कॅनरी, अझोर्स, इटली, फ्रान्सचा मासिफ सेंट्राल. ज्वालामुखी कुठे आहे यावरून कळतं ते एवढंच. माती कोणत्या जातीची होणार, हे पाऊस, थंडी आणि राख पडून किती काळ लोटला यावर ठरतं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन जाती सापडतात त्या यामुळेच.

ढोबळ मानाने तीन घराणी धरा.

पहिलं काचेचं (राखेतली ज्वालामुखी काच), म्हणजे व्हिट्रिक. राख अजून कोवळी आहे किंवा हवा इतकी कोरडी-थंड आहे की काच झिजलेलीच नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा मध्य हे ठळक उदाहरण: टाउपोचा इ.स. २३२ च्या सुमाराचा उद्रेक, त्याचा प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आजही भरड आणि हलका. त्या कुरणांवर गाई-मेंढ्या पोटभर चरूनही खंगून मरत. १९३० च्या दशकात उलगडलं की मातीत कोबाल्टच तोकडा आहे, आणि सुपरफॉस्फेटमध्ये कोबाल्ट मिसळून द्यायला लागल्यावर ती जमीन वहितीला आली. दुसरं उदाहरण ओरेगन, पूर्व वॉशिंग्टन आणि उत्तर आयडाहोचं जंगल. तिथे माझामा पर्वताची सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची राख वरच्या थरात आहे. ती पाणी भरपूर धरते, झाडं तिच्यावरच तगतात, पण लाकूडतोडीची यंत्रं फिरली की दबते आणि लवकर सुटत नाही.

दुसरं घराणं अ‍ॅलोफेनचं, सिलँडिक. पाऊस १,००० मिमीच्या वर, निचरा चांगला, सामू ५ च्या वर. काचेतली बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि उरलेली अल्युमिनियमशी जुळून अ‍ॅलोफेन व इमोगोलाइट ही अस्फटिक खनिजं बनतात. जपानचा कांतो पट्टा, न्यूझीलंडचं तारानाकी, कोलंबियाचा कॉफीचा डोंगरउतार, किलिमांजारो आणि मेरूचे ओले उतार यांत येतात. पाऊस कमी पडला की सिलिका मातीतच रेंगाळते आणि अ‍ॅलोफेनऐवजी हॅलोयसाइट हे चिकणमातीचं खनिज तयार होतं. न्यूझीलंडात ही सीमारेषा ढोबळपणे १,५०० मिमीला पडते. उलट टोक पाहायचं तर हवाईतला हिलोचा किनारा: तिथल्या काही मातींत १५ बारच्या ताणालाही पाणी कोरड्या मातीच्या वजनाइतकं किंवा जास्त असतं. पीक कोमेजायच्या बिंदूलाही माती चिंब!

तिसरं घराणं तुमचं, अल्युअँडिक. थंड, ओली हवा, ह्यूमस भरपूर, सामू ५ च्या खाली. इथे अल्युमिनियमला ह्यूमस आधीच पकडून बसतो, सिलिकाला जोडीदार मिळत नाही, म्हणून अ‍ॅलोफेन होतच नाही. तुमच्या अहवालात ऑक्झलेट सिलिकॉन ०.६ टक्क्याच्या खाली आहे आणि अल्युमिनियमचं गुणोत्तर ०.५ च्या वर. या जातीची व्याख्याच ती आहे, तेव्हा शेरा बरोबर आहे. जपानच्या अँडोसोलपैकी जवळपास ३० टक्के असे आहेत, मुख्यतः तोहोकू भागात आणि जपान समुद्राच्या बाजूला. तिथे बार्ली आणि गोबो (मुळासाठी लावतात ती भाजी) यांची मुळं अल्युमिनियममुळे खुंटतात. शेजारच्याच अ‍ॅलोफेनच्या रानात तीच पिकं नीट येतात. दिसायला दोन्ही काळीभोर, लोक दोन्हीला कुरोबोकूच म्हणतात. इक्वाडोरच्या पारामोतली (अँडीजमधल्या उंच गवताळ रानातली) मातीही याच घराण्यातली.

काही ठिकाणं या तिघांत नीट बसत नाहीत. आइसलँडमध्ये झाडोऱ्याखाली तपकिरी अँडोसोल, दलदलीत पीटमय अँडोसोल आणि उघड्या वाळवंटात जवळजवळ नुसती काच, हे सगळं एकाच बेटावर. चिकणमातीसारखी पकड नसल्याने गवत फाटलं की वारा थरच्या थर उचलतो. दक्षिण-मध्य चिलीत उतारावरची खोल, निचऱ्याची माती ‘त्रुमाओ’. सखल भागात हिमनदीच्या गोट्यांवर राखेचा पातळ थर, मध्ये लोखंडी कडक पापुद्रा आणि हिवाळाभर वर तुंबलेलं पाणी, तो ‘न्यादी’. राख तीच, पण न्यादीवर चर खणल्याशिवाय काही पिकत नाही. आणि चर फार खोल गेला तर उन्हाळ्यात ती पार वाळून जाते.

जावात डोंगर उतरत या म्हणजे चित्र स्पष्ट होतं. साधारण १,००० मीटरच्या वर काळे अँडोसोल, खाली उबदार उतारावर तांबूस-तपकिरी, हॅलोयसाइटची माती, आणि पूर्व जावातल्या कोरड्या सखल भागात चक्क भेगाळणारी काळी माती. म्हणजे तुमची पहिली शंका जावातच निम्मी सुटते.

---

सातमाळा

गाळपेर यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आजही सुमारे ५ लाख चौरस किमीवर पसरलेला. त्यात राख कमी आणि थरावर थर वाहिलेला बेसॉल्ट जास्त. काच पटकन झिजते म्हणून अ‍ॅलोफेन होतं. स्फटिकी बेसॉल्ट सावकाश झिजतो, आणि अ‍ॅलोफेन झालं तरी ते टिकाऊ नसतं, यथावकाश हॅलोयसाइट, केओलिनाइटकडे सरकतं. कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात त्याचा मागमूसही राहणार नाही.

त्यात आपला पाऊस. सोलापूर-नगर-मराठवाड्याच्या ५०० ते ९०० मिमीत सिलिका आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मातीतच राहतात, म्हणून फुगणारं-आक्रसणारं स्मेक्टाइट बनतं: रेगूर, म्हणजे आपली काळी माती, उन्हाळ्यात हातभर भेगा. तीच शिळा महाबळेश्वरच्या पावसात ठेवली की सिलिका पार धुऊन जाते आणि जांभा होतो, त्यात लोह-अल्युमिनियम असतं पण स्फटिकरूपात. अँडोसोलला लागतं ते अस्फटिक, चळवळ्या स्वरूपातलं: ऑक्झलेटने निघणारं अल्युमिनियम अधिक अर्धं लोह मिळून किमान २ टक्के, स्थूल घनता ०.९० किंवा कमी, स्फुरद धारणा किमान ८५ टक्के. या तिन्ही अटींना रेगूर कुठेच पुरी पडत नाही.

राख मात्र महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हेकाठी मोरगावला नदीच्या गाळात ज्वालामुखी राखेचे थर सापडतात. ती सुमात्राच्या तोबाची, एवढं बहुतेकांना मान्य आहे; ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याआधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर बराच वाद झाला. पण ती गाळाखाली गाडलेली, चुनखडीच्या शेजारी, कोरड्या हवेत पडून राहिलेली. तिची माती बनलीच नाही.

देशात खरा चालू ज्वालामुखी एकच, अंदमानचं बॅरन बेट. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून १९९१ मध्ये परत पेटला. तिथलं सगळं अजून कच्चं आहे.

आणि गंमत निलगिरीची. तिथे राख नाही, खडक चार्नोकाइटचा, तरी २,००० मीटरच्या वरच्या पठारावर अल्युअँडिक गुणांची माती नोंदलेली आहे. जुन्या लॅटराइटी मातीतलं अल्युमिनियम थंड, ओल्या हवेत ह्यूमसने पकडलं. म्हणजे अँडोसोल व्हायला ज्वालामुखी लागतोच असंही नाही. नकाशे बनवणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं तर निदान एक ठिपका आपल्या देशात पडेल.

---

तिफण

तिसऱ्या शंकेचं उत्तर: आपल्याकडचा हिशोब तिथे लावलात तर स्फुरद कमी पडेल आणि चुना जास्त होईल.

आपण पीपीएमला २.२४ ने गुणून किलो प्रति हेक्टर काढतो. त्यामागे गृहीत असतं की १५ सेंमीच्या थराचं वजन हेक्टरी २,२४० टन. तुमच्या रानात १,५०० घनमीटर गुणिले ०.६२, म्हणजे ९३० टनच माती. म्हणून गुणक ०.९३. तुमचा ७ पीपीएम स्फुरद आपल्या गुणकाने १५.७ किलो येतो आणि तक्त्यात ‘मध्यम’ दिसतो; खरा आहे ६.५ किलो. (मुळात आपला तक्ता ऑल्सेनचा आणि तुमचा आकडा ब्रेचा, स्फुरद मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती, पण ते वेगळं दुखणं.) न्यूझीलंडच्या प्रयोगशाळा माती वजनाने न घेता मापाने घेतात. हलक्या मातीत तेच शहाणपणाचं.

चुना सामूवर काढू नका. या मातीची सामू धरून ठेवायची ताकद इतकी असते की ६.५ गाठायला गेलात तर गाड्याच्या गाड्या रित्या होतील. अल्युमिनियमवर काढा. १ सेंटिमोल मारायला किलोभर मातीला ०.५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं. तुमचे २.८ गुणिले ०.५ गुणिले ९ लाख ३० हजार किलो, म्हणजे सुमारे १,३०० किलो. चुना पुरता काम करत नाही म्हणून दीडपट: हेक्टरी साधारण २ टन शुद्ध चुनखडी, तीही बारीक दळलेली. २,२४० टनांचं गृहीत ठेवलं असतं तर ४.७ टन आले असते. बटाट्याला जादा चुना म्हणजे सालीवर खपल्या धरणाऱ्या स्कॅबला आवतण, सामू ५.५ च्या खालीच राहू द्या.

विनिमय क्षमता ३८ पाहून हुरळू नका. ती सामू ७ ला मोजलेली आहे आणि या मातीचा भार सामूबरोबर बदलतो. शेतातल्या सामूला खरी क्षमता २.१ अधिक २.८, म्हणजे ४.९. त्यात अल्युमिनियमचा वाटा ५७ टक्के. पालाश एकदम टाकलात तर पावसात वाहून जाईल, दोन-तीन हप्ते करा.

स्फुरद रानभर फोकून देऊ नका. ९६ टक्के धारणा म्हणजे प्रयोगशाळेत २५ मिली द्रावणातल्या स्फुरदापैकी ५ ग्रॅम मातीने रात्रभरात ९६ टक्के गिळलं. शेतात मातीशी जितका जास्त संपर्क तितका तो जास्त बांधला जाणार. म्हणून सरीत, बेण्याच्या बाजूला व खाली सुमारे ५ सेंमीवर पट्ट्यात द्या. १०० किलो स्फुरदासाठी (इथे स्फुरद म्हणजे P₂O₅) सिंगल सुपर फॉस्फेट ६२५ किलो लागेल. जपानमध्ये अशी रानं नव्याने वहितीला आणताना वितळवलेलं मॅग्नेशियम फॉस्फेट देतात; ते अल्कधर्मी आहे, स्फुरदाबरोबर मॅग्नेशियमही जातं. मिळालं तर तुमच्यासारख्या रानाला सुपरपेक्षा बरं.

एक तपासा: शेजारचं रान वर्षानुवर्षं भाजीपाल्याखाली असेल तर तिथे स्फुरद साठून राहिलेला असू शकतो. त्याचा अहवाल तुमच्या रानाला लावू नका आणि तुमचा त्याला नको.

---

कृष्णाकाठ

तिफण यांच्या चुन्याच्या हिशोबाला माझी एक पुरवणी आणि एक हरकत.

पुरवणी: कॅल्शियमपासून सोडियमपर्यंत सगळे मिळून २.१ च आहेत, तेव्हा मॅग्नेशियमही तोकडं असणार. चुनखडीऐवजी डोलोमाइट घ्या.

हरकत: २ टन हा आकडा १५ सेंमीचा आहे. बटाट्याला सरी काढताना ३० सेंमी माती हलते. खालच्या थराची स्थूल घनता आणि अल्युमिनियम वेगळं मोजल्याशिवाय ‘दुप्पट करा’ म्हणता येत नाही. कर्ब कमी झाला की अल्युमिनियम बदलतं. ३० सेंमीपर्यंतचा दुसरा नमुना काढाच. शिवाय ह्यूमसला बांधलेलं अल्युमिनियम सावकाश सुटत राहतं, म्हणून एकदा चुना टाकून विषय मिटत नाही. दर हंगामानंतर पोटॅशियम क्लोराइडची चाचणी लावा.

पोताबद्दल: ‘वाळूमिश्रित’ हा शेरा सोडून द्या. नमुना वाळवून चाळला की यातले सूक्ष्म कण एकमेकांना कायमचे चिकटतात, कण सुटे करायला वापरतात त्या नेहमीच्या हेक्झामेटाफॉस्फेटने सुटत नाहीत आणि वाळू म्हणून मोजले जातात. तुमच्या बोटांना जे लागलं ते खरं. ओली माती चोळली की आधी घट्ट, मग एकदम बुळबुळीत होते. हाच या मातीचा शेतातला सगळ्यात स्वस्त पुरावा.

आणि जावाच्या डोंगरात सऱ्या बऱ्याचदा उताराच्या दिशेने सरळ काढतात, पाणी तुंबून कंद सडू नये म्हणून. निचरा होतो, मातीही जाते. पूर्ण आडव्या सऱ्याही नकोत, मुसळधार पावसात फुटतात. समपातळी रेषेला किंचित तिरक्या, आणि टोकाला गवत लावलेला चर.

---

बांधावरून

सगळ्यांचे आभार, गुणक ०.९३ वहीत पहिल्या पानावर लिहिला. एक उपप्रश्न. शेतातच ओळखायची सोडियम फ्लोराइडची चाचणी वाचली. तालीम म्हणून मोहोळकडच्या काळ्या मातीवर केली तर कागद लालभडक झाला. सातमाळा म्हणतात आपल्याकडे अँडोसोल नाही, मग हे काय?

---

गाळपेर

चुनखडी, दुसरं काय! चाचणीत फ्लोराइड अल्युमिनियमला जाऊन चिकटतं आणि त्याच्या जागचा हायड्रॉक्सिल सुटतो, सामू चढतो. पण मातीत कॅल्शियम कार्बोनेट असेल तर फ्लोराइड कॅल्शियम घेतं, मागे सोडियम कार्बोनेट उरतं आणि सामू तसाही चढतो. म्हणून आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. बुडबुडे आले की ती माती या चाचणीला बाद.

पद्धत अशी. गाळणकागद फिनॉल्फ्थॅलिनच्या (सामू चढला की लाल होणाऱ्या दर्शकाच्या) द्रावणात बुडवून वाळवा. चिमूटभर ओलसर माती त्यावर दाबा, १ मोलर सोडियम फ्लोराइडचा थेंब टाका. एक-दोन मिनिटांत गडद लाल झालं तर होकार. पाच-दहा मिनिटांनी येणारी फिकट गुलाबी छटा धरू नका. १ मोलर म्हणजे लिटरला ४२ ग्रॅम, जवळजवळ संपृक्त, तळाशी थोडं बसलं तरी चालतं. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेला ते खातं आणि सामू सरकतो. विषारी आहे, हातमोजे घाला. प्रयोगशाळेत १ ग्रॅम मातीला ५० मिली घेऊन दोन मिनिटांनी सामू मोजतात; ९.५ च्या वर गेला तर अँडिक, म्हणजे अँडोसोलच्या गुणांची, माती असण्याची शक्यता.

या चाचणीने फक्त चळवळं अल्युमिनियम आहे एवढं कळतं. अ‍ॅलोफेनचं की ह्यूमसचं, ते कळत नाही, दोन्ही लाल करतात. त्यासाठी तुमच्या अहवालातले शेवटचे दोन आकडेच लागतात. नव्या काचेच्या मातीत तर कागद कधीकधी पांढराच राहतो.

---

सातमाळा

३० सेंमीचा नमुना काढाल तेव्हा तो इकडे आणायच्या फंदात पडू नका. परवान्याशिवाय परदेशी माती भारतात आणता येत नाही, विमानतळावरच अडकेल. बोगोरच्या प्रयोगशाळा तुम्हाला जवळच आहेत. नमुना दुहेरी प्लास्टिक पिशवीत, हवा काढून, ओला द्या आणि पावतीवर ‘वाळवू नये’ असं लिहून घ्या. ओलावा वेगळा मोजून आकडे कोरड्या वजनावर आणतात. स्थूल घनतेसाठी ठरावीक आकारमानाची लोखंडी कडी ठोकून काढलेला अखंड गोळा हवा; पिशवीतल्या सुट्या मातीवरून काढलेला आकडा आला तर परत पाठवा, कारण इथला चुन्याचा आणि स्फुरदाचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर आहे.